पिंजऱ्याला पाजलेलं रक्त

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक आणि आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील तमाम सभासदांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ओमानात बौशर येथे वास्तव्यास असलेल्या डॉ. वैशाली (वय पन्नाशीच्या आसपास, नक्की आकडा विचारू नये) यांच्या रक्तात काही परदेशी नागरिक बेकायदा घुसले होते. त्यांच्याकडे व्हिसा नव्हता, रेसिडेंट कार्ड नव्हतं, जामीन राहणारा कोणी कफीलही नव्हता. त्यांनी तांबड्या पेशींमध्ये बिऱ्हाडं थाटली, भराभर पोरंबाळं वाढवली आणि निघताना घरं फोडली. सदर इसमांना हद्दपार करण्यात आलेलं आहे. तरी कोणीही शहाळी घेऊन भेटायला येऊ नये. फ्रीजमध्ये जागा नाही.

हे निवेदन मी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ग्रुपवर टाकलं. लोकांनी हसरे चेहरे पाठवले, बदाम पाठवले, एकीने तर टाळ्या पाठवल्या. मीही खूश झाले. एक गोष्ट मात्र मी त्यात लिहिली नव्हती. हद्दपार केलेल्यांपैकी काही जण माझ्याकडून आधीच पुढे कुठे गेले होते का, हे मला माहीत नव्हतं.

मलेरियातून उठल्यावर माणूस अशक्त होतो, केस गळतात, चहा कडू लागतो. हे सगळं माझंही झालं. पण ज्या भीतीने मला खरं आजारी पाडलं ती ताप उतरल्यावर सुरू झाली. इथून कामासाठी आफ्रिकेत जाणारे आपले पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सांगते.

माझा धंदा

मी डास पाळते.

पार्टीत हे वाक्य टाकलं की समोरचा माणूस भेळेची प्लेट घेऊन दोन पावलं मागे सरतो. मला ते फार आवडतं. मग मी आणखी जवळ जाऊन सांगते की फक्त माद्या चावतात, नर बिचारे फुलांच्या रसावर जगतात, आणि सगळ्या बायका नवऱ्यांकडे बघतात.

खाबुऱ्याजवळ एका शेताच्या कडेला आमची छोटी प्रयोगशाळा आहे. बाहेर टोमॅटो, काकडी, लिंबं, विहिरीचं पाणी साठवायचा मोठा हौद. आत एका उबदार, दमट खोलीत जाळीचे पिंजरे आणि त्यात इथलेच, या किनाऱ्यावरचे डास. मलेरिया वाहून नेऊ शकणाऱ्या जातीचे. देशातून मलेरिया घालवला तरी त्याला पाठीवर घेऊन फिरणारे डास कुठे जात नाहीत. ते इथेच असतात, स्वारीची वाट बघत.

आमचं दुसरं काम टांझानियात, नदीकाठच्या टोमॅटोच्या शेतांत. प्रश्न असा: शेतकरी पिकावर जे औषध फवारतो आणि मच्छरदाणीला जे औषध लावतात, ती एकाच घराण्यातली. फवाऱ्याचं पाणी सरींमध्ये उतरतं. त्याच सरींत डासांची पिल्लं वाढतात. लहानपणापासून विषाची सवय लागलेली ही मंडळी मोठी झाली की मच्छरदाणीवर अशी बसतात जशी आपण झोपाळ्यावर.

तिथे मामा हलीमा नावाची एक शेतकरीण आहे. मामा म्हणजे तिकडे आदराने 'बाई'. तिने सरकारने दिलेली मच्छरदाणी रोपांवर ताणून बांधली होती.

मी म्हटलं, "मामा, ही तुमच्या पलंगासाठी आहे."

"पलंगावर काय कामाची? डास तिच्यावरच बसतात. इथे निदान कोंबड्या तरी आत शिरत नाहीत."

"मग फवारणी थोडी कमी करून बघा ना."

ती कंबरेवर हात ठेवून मोठ्याने हसली. "फवारलं नाही तर अळी आठवड्यात सगळं पान खाते. मुलांची शाळा टोमॅटोवर चालते. तू सांग, टोमॅटो वाचवू की तुझे डास बिघडू नयेत म्हणून बसून राहू?"

 याचं उत्तर शोधायलाच तर आम्ही तिथे होतो. मी तिच्या बांधावर उकिडवी बसून सरीतली पिल्लं पळीने काढत होते. संध्याकाळी पाय उघडे होते. तेव्हाच कोणीतरी माझ्या रक्तात बिनव्हिशाची मंडळी उतरवून गेलं असणार.

परत येताना नियमाप्रमाणे रक्ताची तपासणी केली. निर्दोष. मी त्या पट्टीचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. एकच स्वच्छ रेघ.

खाऊ

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. कोणी दौऱ्यावरून आलं की त्याने पिंजऱ्याला खाऊ द्यायचा. म्हणजे आपला हात.

ऐकायला अघोरी वाटतं, पण डास पाळणाऱ्यांमध्ये हे जुनं आहे. बाकी पिंजऱ्यांना आम्ही मेंढीचं रक्त देतो. पण ही किनाऱ्यावरची मंडळी मोठी नखरेल. मेंढीचं रक्त प्यायल्या तर अंडी मोजकी घालतात, माणसाचं मिळालं की पिंजरा भरून टाकतात. म्हणून ज्याची तपासणी निर्दोष त्याने हात द्यायचा. पिंजऱ्याला कापडाची लांब बाही असते, तिच्यातून कोपरापर्यंत हात घालायचा, आणि काढून झालं की बाहीला गाठ मारायची.

मी परत आल्यानंतरच्या शुक्रवारी माझी मुलगी मुक्ता बरोबर होती. वय चौदा. इंग्रजी फर्डं, मराठी अडखळतं, डासांबद्दल मत स्पष्ट. ती दारात उभी राहून बघत होती.

"आई, दे आर ड्रिंकिंग यू. आणि तू हसतेस."

"माझ्या मुली आहेत त्या."

"हो, माहितीये. तुझ्या दुसऱ्या मुली. मला तू कधी एवढं प्रेमाने खायला देत नाहीस."

मी हसले. हातावर माद्या शांत बसल्या होत्या. पोटं हळूहळू लाल होत होती. मला हे दृश्य नेहमीच सुंदर वाटतं. त्या दिवशीही वाटलं. मग मी हात बाहेर काढला आणि मुक्ताला म्हटलं, "यल्ला, चल, शावर्मा खाऊ."

बाहीला गाठ मारली का, हे मला आजही आठवत नाही.

ताप

थंडी वाजायला लागली तेव्हा बाहेर अंगण भाजत होतं. मी एसी बंद केला, दोन रजया घेतल्या, आणि दात असे वाजत होते की श्रीधर स्वयंपाकघरातून विचारत आला, "मिक्सर कोणी लावला?"

श्रीधर माझा नवरा. एका कंपनीत हिशेब बघतो आणि घरात शांतता राखतो. तो मला जवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कुठे प्रवास?" मी ऐटीत सांगितलं, "आफ्रिका. पण मी याच विषयातली आहे, तपासणी झालीय." आणि मोबाइलवरचा फोटो दाखवला. एवढ्या आत्मविश्वासाने दाखवला की त्या बिचाऱ्याची काय बिशाद. व्हायरल, म्हणाला. सगळ्यांना होतंय. गोळ्या दिल्या.

ताप उतरायचा, मी चहा मागायची, गप्पा मारायची, मग पुन्हा चढायचा. प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ राहायचा. एकदा आरशात बघितलं तर डोळ्यांचे पांढरे भाग लिंबासारखे. मी ते बघितलं आणि आरशाकडे पाठ केली. हे कोणाचे डोळे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते नदीकाठच्या दवाखान्यात पाहिले होते.

श्रीधरने मला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे डॉ. उस्मान होते. सुदानचे, उंच, थकलेले, आवाज मऊ. मी पुन्हा मोबाइल पुढे केला.

"ही तपासणी तिथे राहिली, दुक्तूरा," ते म्हणाले. "तुम्ही इथे आलात. हा ताप मी आमच्या घरात दर पावसाळ्यात बघितलाय. पुन्हा रक्त काढू."

वाचणाऱ्यांनी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी हा लेख सार्थकी लागला. एकदा निर्दोष आलं म्हणजे कायमचं नाही. पुन्हा काढा. डॉक्टर काढत नसेल तर भांडा.

काचपट्टीवर मलेरिया दिसल्यावर हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतले लोक एकेक करून माझ्या पलंगाशी आले. त्यांतल्या काहींनी हा जंतू फक्त पुस्तकात पाहिला होता. दाखवण्याच्या कार्यक्रमाला आल्यासारखे सगळे अवघडून उभे. मी चादरीचाच पदर नीट करून विचारलं, "पसंत आहे का?" एकजणही हसला नाही. मग मला कळलं की परिस्थिती गंभीर आहे.

शब्द जातात

आता जे सांगते ते सांगताना मला मजा येत नाही. येत असली तर ती नंतरची आहे.

मी बोलणारी बाई. माझ्याकडून आवाज काढून घेतला तर उरतं ते एक जाड भिंगाचा चष्मा आणि मधुमेहाची सुरुवात. त्या वॉर्डात माझे शब्द जायला लागले. पाणी मागायचं तर तोंडातून 'खिडकी' यायचं. सिस्टर लिसी खिडकी उघडायची. मी रडायची. ती खिडकी लावायची. सलाइनची नळी, पलीकडचा पडदा, छतावरचा दिवा, सगळं डासाच्या पायासारखं लांब आणि पट्ट्यापट्ट्यांचं दिसत होतं. श्रीधर शेजारी बसून माझं नाव पुन्हा पुन्हा घेत होता, जणू मी गर्दीत पुढे निघून गेलेय.

आणि मग, बाकी सगळे शब्द गेले असताना, एक वाक्य स्वच्छ, अख्खं माझ्या तोंडातून बाहेर आलं. सिस्टर लिसीचा हात धरून मी इंग्रजीत म्हणाले, "मी शेकडो जणींना माझं रक्त पाजलंय. त्या अजून जिवंत आहेत. आजच्या आज सगळ्यांना मारून टाका."

लिसीने डॉ. उस्मानांना बोलावलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. "भ्रम वाढतोय," ते श्रीधरला म्हणाले.

पडद्याआडून मुक्ताचा आवाज आला. "ऍक्चुअली... दॅट्स ट्रू."

सगळे तिच्याकडे वळले. ती शाळेच्या गणवेशात, दप्तर छातीशी धरून उभी होती.

"तिने खरंच पाजलंय. मी बघितलं. खाबुऱ्याला पिंजरा आहे." मग ती श्रीधरकडे वळली. "बाबा, झुवैना आंटीला फोन कर. आत्ता."

डॉ. उस्मान खुर्चीत बसले. लिसीने छातीवर क्रॉसची खूण केली.

हे मला नंतर सांगितलं. मला त्या प्रसंगाचं काहीच आठवत नाही. तेवढं एक वाक्य कुठून आलं तेही नाही.

खलास

झुवैना माझी सहकारी. तीस-बत्तीसची ओमानी मुलगी, अंडी मोजता मोजता गुणगुणणारी. तिने तो पिंजरा अख्खा उचलून गोठवण्याच्या पेटीत ठेवला. वर्षानुवर्षं जपलेली पैदास. पुन्हा दार उघडलं तेव्हा पिंजऱ्याच्या तळाशी राखेसारखा थर होता. तिने मला आवाजाचा संदेश पाठवला. त्यात फक्त एक शब्द होता: "खलास." मग बराच वेळ तिचा श्वास ऐकू येत होता.

औषधं लागू पडली. मी शुद्धीवर आले, पाणी मागितलं, पाणीच मिळालं. लिसी स्वतःच्या डब्यातली भाताची पेज घेऊन आली. वर मीठ आणि थोडं लोणचं. कोकणातल्या माझ्या आईच्या हातची पेज अशीच असायची. मी ती पेज पिताना केरळच्या त्या बाईकडे इतक्या भक्तीने बघत होते की ती लाजून म्हणाली, "मॅडम, इट्स ओन्ली कंजी."

तो आनंद झुवैना भेटायला येईपर्यंत टिकला.

ती हिजाबचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "दुक्तूरा, एक सांगायचंय. तुम्ही रागावणार."

"मला रागवायला ताकद नाही. बोल."

"पिंजरा उचलला तेव्हा बाहीला गाठ नव्हती."

मी लोकांना या आजाराविषयी भाषणं देत आले आहे. ताप यायच्या आधीच्या रक्तातून डासाला लागण होण्याची शक्यता फार कमी, हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं असेल. पण मी महिनाभर त्या शेतात होते. पहिला जंतू कधी शिरला, कोणास ठाऊक. आणि 'फार कमी' हे शब्द फळ्यावर बरे दिसतात. खोलीचं दार, बाहेरचा हौद, कडेला कामगारांच्या खोल्या, त्यांत झोपणारी मुलं हे सगळं डोळ्यांसमोर आल्यावर ते शब्द बरे दिसत नाहीत.

झुवैना गेल्यावर श्रीधर बोलला. हा माणूस संसारात दोनदा ओरडलाय. एकदा बँकेवर आणि एकदा त्या दिवशी. पण ओरडला नाही खरं तर. हळू बोलला, ते जास्त लागलं.

"माणसं आपल्या माणसांसाठी रक्त देतात, वैशू. तू कोणाला दिलंस?"

"काम आहे माझं, श्रीधर."

"पोळ्या करताना हात दुखतो तुझा. त्यांच्यापुढे धरताना नाही दुखत." मग त्याने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं तरी दाबत राहिला. "मुक्ता त्या दिवशी तिथे होती. गाडीतून तुझ्याबरोबर घरी आली. बाकी कोण आलं गाडीत, ते तुला ठाऊक आहे?"

नव्हतं.

घर

सरकारी पथक खाबुऱ्याला गेलं. शेतातल्या सगळ्यांची रक्तं घेतली, भिंतींवर फवारणी केली, हौदात औषध टाकलं. हौदात त्याच जातीची पिल्लं सापडली. पिंजऱ्यातून सुटलेल्यांची की मुळातलीच, हे सांगायचा काही मार्ग नव्हता. पथकाची प्रमुख, एक तरुण बाई, मला फोनवर शांतपणे म्हणाली, "काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल. कोणालाही ताप आला तर लगेच कळवा. इन्शाल्ला, काही होणार नाही."

मी घरी होते. बिल्डिंगच्या बायका शहाळी आणत होत्या, मी त्यांना किस्से सांगत होते, दाखवण्याच्या कार्यक्रमाचा तर अभिनयासकट. त्या हसून हसून वाकत होत्या. हसता हसता मी त्यांच्या मागची भिंत बघत असे. पडद्याच्या घडीत, गणपतीच्या फोटोमागे, बाथरूमच्या कोपऱ्यात. श्रीधर विजेची रॅकेट घेऊन घरभर फिरायचा. कुठे चट् असा आवाज झाला की आम्ही तिघंही तिकडे वळायचो. मी भिंग घेऊन जायची, मेलेला डास बघायची आणि म्हणायची, "नाही, ही दुसरी जात." श्रीधर मान हलवायचा.  मुक्ताने पूर्वी टोमणा मारला असता. आता ती फक्त माझ्याकडे बघायची आणि पायांवर पांघरूण ओढून घ्यायची.

शेतातून रोज निरोप यायचा: कोणाला ताप नाही. आठवडे सरत आले. मी मनातल्या मनात फळा पुसून पुन्हा लिहायला लागले, फार कमी, फार कमी.

आणि एका दुपारी मुक्ता शाळेतून आली, बूट न काढता सोफ्यावर आडवी झाली. मी कपाळाला हात लावला. तापलं होतं.

श्रीधर किल्ल्या घेऊन दारात उभा होता.  पट्टी स्वच्छ निघाली तरी तिचा भरवसा नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. गाडीत मुक्ता मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिचे दात हळू वाजत होते. तिने विचारलं, "आई, तुला पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सफाईदार खोटं.

"मग कसं?"

"खूप वेगळं. मला पायापासून थंडी आली होती."

तिने पाय पोटाशी ओढले. "मला पण पायापासून आली."

रस्त्यावर सगळे दिवे हिरवे लागले. मला तेही अशुभ वाटलं.

डॉ. उस्मानांनी तिचं रक्त काढलं आणि यंत्रावर न सोडता स्वतः काचपट्टी घेऊन गेले. आम्ही बाकावर बसलो. समोर माशांची टाकी होती. मुक्ता टाकीतले मासे मोजत होती, संपले की पुन्हा पहिल्यापासून. मी गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. आली नाही. माझ्याकडे त्या क्षणी एकही गोष्ट नव्हती. श्रीधरने माझा हात धरला. खाऊ दिलेला तोच हात. घट्ट धरला आणि सोडला नाही.

डॉ. उस्मान बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी मुक्ताला तोंड उघडायला सांगितलं, चमच्याने जीभ दाबली, बॅटरी मारली, बराच वेळ आत बघत राहिले.

"रक्तात काही नाही," ते म्हणाले. "दोन पट्ट्या पाहिल्या. उद्या आणि परवा पुन्हा बघू, तुझी आई मला सोडणार नाही. पण घसा बघा केवढा सुजलाय. टॉन्सिल्स आहेत. साधे टॉन्सिल्स."

श्रीधर खाली बसला, बाकावर नाही, सरळ जमिनीवर. मी तोंडावर हात दाबला. पुढच्या दोन्ही पट्ट्याही स्वच्छ निघाल्या, शेतातही कोणाला काही झालं नाही. पण त्या क्षणी हे काही आम्हाला माहीत नव्हतं.

मुक्ता मात्र ताडकन उठून बसली. सुजलेल्या घशाने, भरल्या ओपीडीत, माशांच्या टाकीपर्यंत सगळे वळून बघतील एवढ्या मोठ्याने ती ओरडली, "उद्या माझा फिजिक्सचा पेपर आहे, आणि मी काहीच वाचलं नाही, मला वाटलं मी मरणारच आहे!"